धमन्यांचा ताठरपणा आणि हृदयावरील भार

महाड व पोलादपूर तालुक्यांतील जुन्या पिढीला तांबड्या विंचवाचे भय वेगळे सांगावयास नको. पेंढ्यात किंवा दगडाखाली दडलेला हा विंचू डसला की धडधाकट गडीही घामाने चिंब होई, हातपाय गार पडत, धाप लागे आणि काही तासांतच खोकल्यावाटे गुलाबी फेस येऊ लागे. महाड परिसरात रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, लहान धमन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब भडकतो. त्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा थकतो व फुप्फुसांत पाणी उतरते. डॉ. बावस्कर दांपत्याने धमन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना दिले. ते मुळात रक्तदाबावरचेच औषध होय. हा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एके काळी ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, विंचू जे काही तासांत घडवितो, त्याच जातीचा भार उच्च रक्तदाब हृदयावर वीस-वीस वर्षे टाकीत असतो. फरक इतकाच की, तो रुग्णाला जाणवत नाही.

भजनात पेटी वाजविणारे बुवा भाता थांबून थांबून हलवितात, तरी सूर अखंड राहतो; कारण आतील दुसरा भाता हवा साठवून सावकाश सोडीत असतो. हृदयातून निघणारी महाधमनी हेच काम करते. एका ठोक्यासरशी सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. त्यातील बराचसा भाग ही धमनी फुगून सामावून घेते आणि हृदय विसावले असता पुढे सोडते. वय, रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांमुळे तिची लवचिकता घटते. (मिश्री ही तंबाखूच होय, आमच्या माताभगिनी ती व्यसनांत मोजीत नाहीत!) ताठर धमनी फुगत नाही, म्हणून वरचा दाब चढतो, ती आकसतही नाही, म्हणून खालचा दाब उतरतो. नाडीची लहर तरुण धमनीत सेकंदाला सुमारे ५ ते ६ मीटर वेगाने जाते, ताठर धमनीत १० मीटरहून अधिक. ती परतून लवकर येते आणि हृदय अद्याप रक्त ढकलीत असतानाच त्याच्या वाटेत उभी राहते.

त्यामुळे १६० व ७० असे आकडे पाहून "खालचा तर उत्तम आहे" असे समाधान मानणे योग्य नव्हे. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यत्वे विसाव्याच्या काळात मिळते. म्हणजे काम वाढले असता पुरवठा घटतो. डावा कप्पा जाड होतो, जाड कप्पा नीट सैल होत नाही, आणि चढण चढताना दम लागतो. अशा वेळी सोनोग्राफीसारख्या हृदयतपासणीत आकुंचनशक्ती उत्तम दिसू शकते, आणि 'वयाचा दम' म्हणून रुग्ण घरी परततो.

ताठरलेली धमनी पूर्ववत करणारी गोळी नाही. दाब उतरविल्यास भार मात्र निश्चित हलका होतो. तरीही "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण आम्हांस वारंवार भेटतात. मुळात त्रास नव्हताच, तेव्हा बरे वाटणे ही कसोटी येथे लागू पडत नाही. पावसाळ्यात सुकट, पापड व लोणच्यावर भागविणाऱ्या घरांत मिठाचा प्रश्नही आहेच.

दाब मोजताना रुग्णाने ५ मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा व दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. वृद्धांचा दाब आम्ही उभे करूनही मोजतो. ताठर धमन्यांच्या माणसाचा दाब उठताच एकाएकी उतरू शकतो, आणि औषधाची मात्रा त्या आकड्याकडे पाहूनच ठरवावी लागते.