पन्हळी नळांचे सांधे

शेतरस्त्याखालील नळ शाबूत असूनही केवळ सांधा सैल राहिल्यामुळे मोरी खचू शकते. फटीतून पाण्याबरोबर माती वाहून जाते, भरावात पोकळी पडते आणि ऐन पावसाळ्यात भरलेल्या गाडीखाली रस्ता बसतो.

पन्हळी पत्र्याचे नळ उताराच्या खालच्या टोकापासून जोडीत जावे. टोके स्वच्छ पुसून एकमेकांस भिडवावीत. जोडपट्टा सांध्याच्या मधोमध ठेवून त्याच्या पन्हळी नळाच्या पन्हळींत नेमक्या बसवाव्यात. बोल्ट आळीपाळीने आवळीत असता पट्ट्यावर लाकडी हातोडीने सभोवार ठोकावे, म्हणजे ढिलाई निघते. जस्ताचा मुलामा खरवडला गेला असल्यास तेथे जस्तयुक्त रंग लावावा. मगच दोन्ही कुशींस सारख्या थरांनी माती चोपावी. एकदा बुजविलेला सांधा पुन्हा आवळता येत नाही.