मायाविनी (लेखांक ५) : मैनाकिनीची बाजू

गेल्या आठवड्यात आपण जैमिनी अश्वमेधातल्या प्रमिलेचे स्त्रीराज्य पाहिले. आजचे स्त्रीराज्य आपल्या अंगणातले. माधवनगरहून कराडच्या गाडीत बसले की ताकारीनंतर वाळवे तालुक्यातला मच्छिंद्रगड जवळ येतो. गडावर मच्छिंद्रनाथांचे देऊळ आहे, तर तिकडे शिराळ्याला गोरक्षनाथांचे. गुरुशिष्यांना आपल्या जिल्ह्यात अशी हक्काची जागा मिळाली. दोघांच्या मध्ये उभी राहिलेली स्त्रीराज्याची राणी मैनाकिनी मात्र पोथीतच राहिली.

तिची सर्वांत जुनी चाहूल 'कौलज्ञाननिर्णय' या मच्छिंद्रनाथांच्या नावावरच्या संस्कृत ग्रंथात लागते. त्याची नेपाळातली हस्तलिखित प्रत अकराव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तिथे कामरूपातल्या योगिनी घरोघरी या ग्रंथातली विद्या सांभाळून आहेत. त्या ज्ञानाच्या धनी आहेत, कुणाला भुलवणाऱ्या नव्हेत.

पुढे बंगालीत 'गोरक्षविजय' रचला गेला आणि चित्र पालटले. कदली देशातल्या बायकांत रमून गुरू आपली विद्या विसरतो. शिष्य नर्तकीच्या वेशात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांनी त्याला जागे करतो. गोरखपंथाने ब्रह्मचर्याला सर्वांत वरचे स्थान दिले होते. मग गुरूच्या आयुष्यातली स्त्री 'मोह' ठरल्याशिवाय राहणार कशी?

शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, धुंडिसुत मालूंनी चाळीस अध्यायांचा 'नवनाथ भक्तिसार' लिहिला. त्यातली मैनाकिनी शापामुळे स्त्रीराज्यात आलेली आहे. ती मारुतीसाठी तप करते, पण मारुती ब्रह्मचारी. तो आपल्या जागी मच्छिंद्रनाथांना पाठवतो. म्हणजे नाथ तिच्याकडे जातात ते दिलेला शब्द पाळायला. मीननाथ जन्मतो, संसार उभा राहतो आणि एके दिवशी गोरख येऊन तो मोडतो. मालूंनी तिला दुःख दिले, आईपण दिले. मला हे फार मोलाचे वाटते. मंत्र टाकणे, रूप पालटणे, मेलेल्याला उठवणे ही सारी करणी या पोथीत नाथांची आहे. मैनाकिनी फक्त जाणाऱ्या माणसाला अडवते.

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या 'प्रभात'ने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'माया मच्छिंद्र' हा चित्रपट काढला. पुरुषांचा तिटकारा असलेली राणी दुर्गा खोट्यांनी उभी केली, मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंब्यांनी. राणीच्या सोबतीला चित्ता होता. इतकी करारी, रुबाबदार नायिका तोवरच्या मराठी पडद्याला नवी होती. पण शेवटी सारे राज्य गुरूने रचलेली मायाच निघते. राणीचे तेज वाढले, तिचे अस्तित्व मात्र पुसले गेले.

योगिनी, मोह, आई, माया. बाई एकच, सांगणाऱ्याला जेवढी सोसेल तेवढीच तिची बाजू प्रत्येकाने ठेवली. श्रावणात नवनाथांचे पारायण बसेल, तेव्हा हे अध्याय सावकाश वाचा. गोरख गुरूला घेऊन निघतो, तिथे थोडे थांबा आणि मागे राहिलेल्या मैनाकिनीकडेही पाहा. गुरू सुटले हे खरे. घर तिचे मोडले, हेही पोथीनेच सांगितले आहे.

पुढच्या आठवड्यात : पोटच्या गोपीचंदाला राज्य सोडायला सांगणारी मैनावती.