सुट्या फळ्यांचा किल्ला

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. इथे डोंगर म्हणावा असा उंचवटा नाही. आहे ती सपाट जमीन, आणि विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या नि अलीकडच्या रे नगरमधल्या घरांच्या एकसारख्या रांगा. जवळचा मोठा किल्ला सोलापूरचा, तोही भुईकोट. पण दिवाळीचा किल्ला म्हटला की सोलापूरकडच्या पोरांच्याही डोळ्यांपुढे रायगड-प्रतापगडच येतो.

रीत ठरलेली. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुचकळलेलं पोतं, पोत्यावर अळीव नाहीतर मोहरी. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर बाजारातले मातीचे मावळे. मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. सुट्टी संपली की किल्ला मोडतो आणि विटा जागेवर जातात. माझी तक्रार एवढीच की रणभूमी इतक्या हौसेने रचायची आणि तिच्यावर लढाई मात्र एकदाही खेळायची नाही!

जगात हा खेळ आहे, आणि जुना आहे. 1812 साली प्रशियाच्या राजाला फॉन राइसविट्झ नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने एक टेबल नजर केलं. टेकड्या, नद्या, रस्ते असलेले सुटे चौकोन हवे तसे मांडून त्यावर नवी रणभूमी उभी करता येई. त्याच्या मुलाने 1824 मध्ये हाच खेळ नकाशावर आणला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. पुढे लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकात मांडले. आजचे शौकीन पुन्हा सुट्या चौकोनांकडे वळले आहेत. साधारण सव्वा इंची शिपाई आणि दोन फुटी चौरस फळ्या, हे नेहमीचं माप.

या फळ्यांची सगळी कारागिरी कडेला असते. मधे डोंगर करा, दरी करा, पण चारही कडा एकाच उंचीच्या हव्यात. रस्ता किंवा ओढा फळीबाहेर जाणार असेल तर तो कडेच्या बरोबर मध्यावरच निघायला हवा. हे पाळलं की कुठलीही फळी कुठल्याही फळीला जुळते, आणि त्याच चार फळ्या फिरवून दर खेळाला नवा मुलूख तयार होतो. समोरच्याला भूगोल पाठ असण्याची सोय उरत नाही.

परदेशी शौकीन डोंगरासाठी फोम कापतात. आपल्याकडे हात आधी थर्माकोलकडे जाईल, पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. शिवाय थिनरचा रंग लागला की ते विरघळतं. त्यापेक्षा खोक्यांच्या पुठ्ठ्याचे थर चिकटवून उतार करावा, वर रद्दी कागदाचा आणि फेव्हिकॉलचा लगदा थापावा, तो ओला असतानाच चाळलेली माती भुरभुरावी. गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा चालतो. लगदा वाळताना आकसतो आणि पातळ प्लाय वाकवतो, म्हणून फळीखाली आधीच आडव्या पट्ट्या ठोकायच्या. हे राहिलं की फळ्या टेबलावर डुगडुगतात आणि सांध्यात बोटभर फट पडते.

आता लढाई कुठली? प्रतापगड सगळ्यांना सुचतो. मला उंबरखिंड जास्त योग्य वाटते. 2 फेब्रुवारी 1661 रोजी मुघल सरदार कारतलबखानाची मोठी फौज सह्याद्रीच्या त्या अरुंद वाटेत शिरली आणि शिवाजी महाराजांच्या थोड्या सैन्याने तिला कोंडलं. तिथे निकाल लावला तो जमिनीने. दोन फळ्यांवर समोरासमोर कडे आणि मधून बोटभर वाट एवढं केलं, की संख्या का निरुपयोगी ठरली हे पोराला न सांगता कळतं.

आणि घरची लढाईही आहे. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोने पेशव्यांच्या फौजेला हरवून सोलापूरचा किल्ला घेतला. एका फळीवर भुईकोट, शेजारच्या फळीवर त्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव, बाकी सगळं मोकळं रान. तलावाच्या बाजूने हल्ला करणं किती अवघड आणि मोकळ्या रानातून येणारा किती उघडा पडतो, हा पेच डोंगरी किल्ल्यात नाही. हरलेली लढाई मांडायला लाजू नये. खेळात तिचा निकाल फिरवता येतो.

या दिवाळीला पोतं भिजवायच्या आधी चार फळ्या कापून बघा. पहिली फळी खिंडीची करा, किल्ला नंतर. आणि मावळे घेताना दरवाजाचं माप सोबत न्या.