दोन रंगांची डे लिली : फूल नव्हे, गड्डा हाच माल

उर्दूत 'गुल-ए-राना' असा एक सुंदर शब्द आहे. आतून लाल आणि बाहेरून पिवळा असलेल्या गुलाबाला तो लावतात. चिंचवडजवळच्या एका रोपवाटिकेत 'दोन रंगी लिली' अशी पाटी पाहिली तेव्हा आम्हाला हाच शब्द आठवला आणि आम्ही पाच गड्डे उचलले. कापडाच्या धंद्यात ताका उलगडून, उजेडात धरून रंग पाहिल्याशिवाय आम्ही सौदा करीत नाही. इथे मात्र नुसत्या पानांवर पैसे मोजले. पुढच्या उन्हाळ्यात पाचही गड्ड्यांना साधी केशरी फुले आली.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, तुमच्या मातीत रंग बदलला." हे उत्तर खोटे होते, हे समजायला आम्हाला पुढे बरीच विचारपूस करावी लागली. हौसेने बाग लावणाऱ्या वाचकांचे आणि निवृत्तीनंतर घरच्या घरी रोपांचा जोडधंदा करू पाहणाऱ्या कामगार बांधवांचे असे नुकसान होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे 'लिली' या नावाखाली वाटेल ते खपते. पुण्याच्या मार्केट यार्डात बंडलावर विकली जाणारी लिली म्हणजे हारात ओवायच्या पांढऱ्या कळ्या. पहिल्या पावसात उगवते ती गुलाबी लिली वेगळी. डे लिली या दोन्हींपेक्षा निराळी, आणि खरे पाहता ती लिलीच नव्हे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिच्या कुळाला हेमेरोकॅलिस हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ एका दिवसाचे सौंदर्य. एक फूल सकाळी उमलते आणि रात्रीपर्यंत मिटते. मात्र एका दांड्यावर अनेक कळ्या असतात, त्यामुळे ताटवा काही आठवडे फुललेला दिसतो.

फुलाला सहा पाकळ्या दिसतात. त्यांतील आतल्या तीन एका रंगाच्या आणि बाहेरच्या तीन दुसऱ्या रंगाच्या असतील तरच ती अस्सल दोन रंगी. १९५५ सालची 'फ्रान्स हाल्स' ही अमेरिकन जात याचा प्रसिद्ध नमुना आहे. तिच्या आतल्या पाकळ्या विटकरी आणि बाहेरच्या पिवळ्या. नुसता गळा पिवळा असला म्हणजे फूल दोन रंगी होत नाही.

आता रंग 'बदलतो' त्याचा उलगडा. या झाडाचे बी लावले तर रोप आईसारखे निघेल याची खात्री नसते. तोच रंग हवा असेल तर गड्डाच फोडून लावावा लागतो. आमच्या भाषेत सांगायचे तर गड्डा म्हणजे त्याच ताग्यातला तुकडा, आणि बी म्हणजे नव्याने रंगवलेले कापड. दुसरी गोष्ट अशी की जुनी केशरी जात जमिनीखालून धुमारे सोडत पसरते. तिचा एक कोंब नाजूक जातीत मिसळला तर काही वर्षांत वाफा केशरी होतो, आणि मालकाला वाटते रंग उडाला! म्हणून फूल प्रत्यक्ष पाहून, त्याच गड्ड्याला तिथेच दोरा बांधून मग पैसे द्यावेत.

तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये गुलाबाची हरितगृहे आहेत आणि फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेला मावळचा गुलाब परदेशी जातो. ते पाहून कुणी डे लिलीची फुले विकायचा बेत करील तर फसेल. जे फूल एका दिवसात मिटते ते खोक्यात भरून कुठे पाठवणार? इथे माल आहे तो गड्डा, आणि त्याचे भांडवल म्हणजे विकणाऱ्याचा शब्द.

लागवड कठीण नाही. गाठाळ मुळांत पाणी साठते, त्यामुळे २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला तेव्हाही आमची झाडे तगली. मात्र काळ्या मातीत पावसाचे पाणी तुंबले की गड्डा सडतो. वाफा वीतभर उंच करावा, मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे, गड्ड्याचा माथा इंचभराहून खोल पुरू नये. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. रोज सहा तास ऊन हवे, पण गडद लाल रंग दुपारच्या उन्हात विटतो, तेव्हा अशा जातीला पूर्वेची बाजू द्यावी. थंडीत पाने पूर्ण वाळून झोपी जाणाऱ्या जाती आपल्या हवेत रमत नाहीत. सदाहरित जातच मागावी. तीन-चार वर्षांनी, पाऊस सरल्यावर, गड्डा उपटून पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि फोडी कराव्यात. पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, ती पाने लगेच जाळावीत. घरात मांजर असेल तर मात्र हे झाड लावूच नये, मांजराच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरते.

पुढे एका परिचिताच्या अंगणात फुललेला गड्डा पाहून आम्ही त्याची एक फोड मागून आणली. तिच्या आता चार झाल्या आहेत, त्यांतील एक शेजाऱ्यांकडे गेली. ते पाच केशरी गड्डे फेकवले नाहीत. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावले आहेत आणि ट्रकची धूळ खात दर उन्हाळ्यात फुलतात.