पहिली ऑर्डर कोण देणार?

शिरूर आणि दौंड हे एके काळी केवळ शेतीचे तालुके होते. आज शिरूरमध्ये रांजणगाव व सणसवाडी, तर दौंडमध्ये कुरकुंभ येथे कारखाने उभे आहेत. आपल्या वस्त्यांतील तरुण डबा घेऊन ठेकेदाराच्या गाडीत बसतात. गेटमधून आत जाणारे हात आपले आहेत. परंतु त्याच गेटमधून आत जाणारे सुटे भाग, पॅकिंगच्या पेट्या, साफसफाईचा ठेका कोणाच्या नावावर असतो? त्यात आपली नावे किती, हे ज्याचे त्याने बोटांवर मोजून पाहावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब लिहिण्यातच आमची नोकरी गेली. तरुण मंडळी कर्जाचा अर्ज भरून घ्यायला येतात, तेव्हा एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. मुलाला वेल्डिंग येते, लेथ चालवता येतो. पण कोटेशन कसे द्यावे, खरेदी खात्यात कोणाला भेटावे, बिल अडकले तर काय करावे, हे सांगणारा काका-मामा त्याच्या घरात नाही. पिढीजात व्यापारी घरातील मुलाला हे जेवताना कानावर पडते. आपल्याकडे भांडवलाइतकेच ओळखीवाचून अडते.

ही अडचण आजची नाही. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आल्यावर बाबासाहेबांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. विद्वत्ता कमी पडली नव्हती!

ही उणीव भरून काढण्यासाठी २००५ साली पुण्यातच दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन झाली. संस्थापक मिलिंद कांबळे हे लातूर जिल्ह्यातील, सिव्हिल इंजिनिअर व बांधकाम व्यावसायिक. नोकरी मागणारे न राहता नोकरी देणारे व्हा, हा तिचा संदेश. २०१० साली पुण्यात आणि २०११ साली मुंबईत तिने दलित उद्योजकांची प्रदर्शने भरवली. सांगली जिल्ह्यातील पेडचे अशोक खाडे माझगाव डॉकमध्ये काम शिकले आणि पुढे भावांसह दास ऑफशोअर ही कंपनी उभी केली. अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज मुंबईत शिवणकाम करीत होत्या. त्यांनी पुढे कमानी ट्यूब्ज ही बुडीत कंपनी सावरली. २०१३ साली कांबळे आणि सरोज दोघांनाही पद्मश्री मिळाली.

कायद्याचाही आधार आहे. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक कंपन्या यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला तयार ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. मात्र खाजगी कंपन्यांना ही ४ टक्क्यांची अट नाही. तेथे दार उघडायला माणूसच लागतो.

काही जुने कार्यकर्ते विचारतात, बाबासाहेबांनी तर १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटले होते. मग हे काय? दौंडच्या रेल्वे कामगारांच्या घरांत हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. आमचे उत्तर असे: आपला ठेकेदार झाला म्हणून मजुराचे किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी बुडवणार असेल, तर त्याच्या यशाचा समाजाला उपयोग नाही. जो मार्गदर्शन घेतो, त्याने मस्टरही चोख ठेवले पाहिजे आणि पुढच्या पोराला हातही दिला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, मोठ्या उद्योगपतीची वाट पाहण्याचे कारण नाही. कंपनीत स्टोअरमध्ये असणाऱ्याला काय खरेदी होते ते ठाऊक असते. बँकेतून निवृत्त झालेल्याला प्रकरण का परत येते ते कळते. हिशेबनीसाला जीएसटीचे विवरणपत्र भरता येते. महिन्यातील एका रविवारी वंदनेनंतर ही मंडळी विहारात दोन तास बसली, आणि व्यवसाय करू पाहणारी मुले-मुली आपले कागद घेऊन आली, तर पहिल्या ऑर्डरची वाट तेथूनच निघेल. आपल्या सुनेचा पापड-मसाल्याचा व्यवसायही त्या बैठकीत मांडावा. शिकलो, संघटित झालो. आता एकमेकांची ओळख एकमेकांच्या कामी येऊ द्या.