आधी कोण, मग केव्हा, शेवटी कुठे?

मार्च सरत आला, पोरांचे पेपर जवळ आले, की आमच्या वऱ्हाडातल्या घराघरांत एक प्रश्न फिरायला लागतो. अकोल्याच्या गांधी रोडवर कूलरच्या जाळ्या बदलून देणारे बसू लागतात आणि इकडे जेवणाच्या ताटावर कुणीतरी विचारतो, "यंदा कुठं जायचं?" मग कुणी चिखलदरा म्हणतो, कुणी कोकण, कुणी एकदम मनाली. वाद रंगतो, शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे गाव ठरते. गाव ठरल्यावर तारखा शोधल्या जातात, आणि तारखा मिळाल्यावर घरातले कोण येऊ शकतील ते पाहिले जाते. मीही पुष्कळ वर्षे असेच करत आलो. हा क्रम उलटा आहे, हे मला फार उशिरा कळले. तो सुलटा कसा करावा, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम आपल्या सुट्टीचा हिशेब पाहू. उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात ऊन उतरलेले नसते म्हणून आपल्या शाळा त्यानंतर आठवड्याने, पंधरवड्याने सुरू होतात. म्हणजे पुण्या-मुंबईची गर्दी घरी परतली की जूनचे काही दिवस खास आपल्या वाट्याला येतात. गाड्या रिकाम्या, खोल्या स्वस्त. ऐकायला छान वाटते. पण नेमक्या त्याच दिवसांत पाऊस कोकणात उतरलेला असतो. मोसमी पावसाची केरळात येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून, मुंबईची ११ जून. सिंधुदुर्गात तारकर्ली-मालवणकडचे समुद्रातले जलक्रीडा प्रकार मे महिना संपता संपता बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. तेव्हा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पोरांना समुद्र दाखवायला नेले, तर समुद्र दिसतो, पण लांबून. पाऊस पाहायला जायचे असेल तर मात्र हेच दिवस उत्तम. आपण काय पाहायला निघालो आहोत, ते आधी स्वतःला विचारलेले बरे.

बरे, मग मे महिन्यातच कोकणात जावे का? आंबा हवा असेल तर अवश्य जावे. उन्हापासून सुटका हवी असेल तर थोडा विचार करावा. अकोल्यात पारा ४५ वर जातो, रत्नागिरीत ३३-३४ वर थांबतो, म्हणून आपण समजतो की तिकडे गारवा आहे. पण आपले ऊन कोरडे असते. आपला कूलर याच कोरडेपणावर चालतो. जाळीवरचे पाणी हवेत उडते, उडताना हवेतली उष्णता शोषून घेते आणि खोलीत गार वारा येतो. अंगावरचा घामही तसाच वाळतो आणि शरीर थंड ठेवतो. किनाऱ्यावरची हवा आधीच दमट, त्यामुळे घाम वाळत नाही आणि तिथे कूलरही कामाचा नाही. वऱ्हाडी माणूस तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी म्हणतो, "आपलं ऊन परवडलं, पण हे चिकचिक नाही." तो काही चुकीचे बोलत नाही.

आता आपल्या हक्काच्या चिखलदऱ्याकडे वळू. विदर्भातले हे एकमेव थंड हवेचे ठिकाण, गाविलगडच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर. अमरावती सुमारे ३४३ मीटरवर आहे. म्हणजे आपण जेमतेम पाऊण किलोमीटर वर चढतो. उंचीनुसार हवा थंड होत जाते, तिचे ढोबळ गणित दर हजार मीटरला साडेसहा अंश असे आहे. कोरड्या उन्हाळ्यात फरक थोडा जास्त पडतो. या हिशेबाने चिखलदरा अमरावतीपेक्षा पाच ते सात अंशांनी थंड. अमरावतीत ४४ असेल तर वर ३७ ते ३९. संध्याकाळ आणि रात्र सुखाची जाते हे खरे, पण भर दुपारी ३८ अंश म्हणजे ऊनच! शिवाय मे महिन्यात धबधबे आटलेले, डोंगर पिवळे पडलेले आणि खोल्यांचे भाडे वर्षात सर्वांत चढे.

हे गणित मी आज सांगतो आहे, पण काही वर्षांपूर्वी ते न मांडताच आम्ही निघालो होतो. माझे वडील अचलपूर तालुक्यात शेती करतात. डोंगराच्या पायथ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आमचे वावर. कपाशी, सोयाबीन आणि थोडी संत्र्याची झाडे. वावरात उभे राहिले की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. आयुष्यभर त्यांनी ती पाहिली, पण वर चढून कधी गेले नव्हते. धाकटा भाऊ पुण्याला, बहीण अमरावतीला, मी अकोल्याला. तिन्ही घरच्या पोरांच्या सुट्ट्या जुळतात त्या फक्त मे महिन्यात. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गाड्या करून सगळे निघालो. दुप्पट भाडे देऊन खोल्या मिळाल्या. भीमकुंडाशी गेलो तर दरीत पाण्याचा थेंब नव्हता. दुपारी बाबा लॉजच्या व्हरांड्यात टॉवेलने वारा घेत बसले होते. म्हणाले, "यापेक्षा आपल्या वावरातल्या निंबाखालची बाज बरी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते परतीचे विचारू लागले. संत्र्याला पाणी द्यायचे होते. आंबिया बहाराची फळे तेव्हा झाडावर वाढत असतात. ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली तर फळ गळते. वीजही कधी रात्रीची येते, मोटार चालू करायला घरचे माणूस लागते. आईचेही मन थाऱ्यावर नव्हते. कुरड्या, पापड, सांडगे ही वाळवणे मे महिन्यातच होतात, आणि गच्चीवर अर्धे काम टाकून ती आली होती. आमच्या सुट्टीचे दिवस हे त्या दोघांचे सर्वांत कामाचे दिवस होते. हे आम्हा तिघा शिकलेल्या भावंडांच्या लक्षात आले नव्हते.

याचा अर्थ मे महिन्यात मेळघाटाकडे फिरकूच नये असा नाही. वाघ-अस्वलाची ओढ असेल तर हेच दिवस बरे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. उन्हाळ्यात सागाची पाने झडतात, नजर लांबवर पोचते. नाले आटतात आणि जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात. बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्या रात्री मचाणावर बसून हे प्राणी पाहण्याचा कार्यक्रम वन विभाग घेतो, तो त्याचसाठी. उलट पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा सुरू होते. जुलैत सेमाडोहला जाऊन "वाघ दिसला नाही" म्हणणाऱ्याने दोष कुणाला द्यावा?

जुलै-ऑगस्टमधले चिखलदरा हे निराळेच गाव असते. पठारावर खालच्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, दऱ्या पाण्याने भरतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, धुके. देवी पॉइंटवर उभे राहून हाताच्या अंतरावरचे दिसत नाही असे दिवस जातात. ज्याला धुकेच आवडते त्याची चैन, ज्याला दरी पाहायची त्याची निराशा. दुसरी, शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट. परतवाड्यापासूनच गाड्यांची रांग लागते आणि घाटात तासन् तास अडकायला होते. तेच मंगळवारी-बुधवारी जा, रस्ता मोकळा असतो. परतवाड्याजवळचे मुक्तागिरी याच दिवसांत पाहावे. ५२ जैन मंदिरांच्या त्या डोंगरात धबधबा कोसळतो, आणि तो पावसाळ्यातच खरा. तिथे पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत.

दिवाळीनंतर थंडीला सुरुवात होते. डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याला पहाटे पारा एक आकड्यावर येतो असेही दिवस असतात, आणि हवा स्वच्छ असते. किल्ले पाहायचे ते याच दिवसांत. इंग्रजांच्या फौजेने जनरल वेलस्लीच्या मोहिमेत गाविलगड घेतला, तो १५ डिसेंबर १८०३ रोजी. त्याच्या आधी २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली होती. अकोटच्या बाजूने नरनाळ्याला जायचे तर शहानूरवरून वन विभागाच्या परवानगीने जावे लागते. चाल मोठी आहे, ऊन कोवळे असलेले बरे. लोणारचे सरोवरही हिवाळ्यात निवांत पाहता येते. शेगावला मात्र गुरुवार, प्रकटदिन आणि ऋषिपंचमी हे गर्दीचे दिवस. श्रद्धेने गर्दीतच जायचे असेल तर प्रश्न नाही. म्हाताऱ्या माणसांना शांत दर्शन घडवायचे असेल तर मधला एखादा वार निवडावा.

लांब जाणाऱ्यांसाठी रेल्वेचे एक गणित. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. १ मे रोजी निघायचे तर १ जानेवारीला खिडकीवर जावे लागे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. आता १ मेच्या गाडीचे तिकीट २ मार्चला निघते. म्हणजे ठरवायला दोन महिने अधिक मिळाले, पण सगळ्यांनाच मिळाले. त्या दिवशी सकाळी चुकलात की वेटिंग. अकोला आणि बडनेरा ही दोन्ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर आहेत, गाड्या पुष्कळ. पण त्या लांबून भरून येतात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई पूर्ण खुला झाला, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वाटा वाढल्या. समृद्धीने उन्हाळ्यात जाताना टायर नवे आणि हवा नेमकी असू द्या, तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर जुने टायर दगा देतात.

आता पुन्हा आमच्या घराकडे येतो. त्या मे महिन्यानंतर दोन वर्षांनी मी एका कागदावर बारा महिने लिहिले आणि बाबांसमोर बसलो. म्हटलं, "तुम्ही सांगा, कोणता महिना तुमचा?" ते हसले. जून-जुलै पेरणी आणि डवरणीचा. दसरा-दिवाळी सोयाबीन काढण्याची, आणि आमची पोरे तर नेमकी दिवाळीतच मोकळी. मग कापूस वेचणी, मग तूर. चैत्र-वैशाखात बागेचे पाणी आणि लग्नसराई. कागदावर फुल्याच फुल्या झाल्या. एक फट तेवढी राहिली. पोळा झाला, घरच्या महालक्ष्म्या उठल्या, की सोयाबीन कापणीला येईपर्यंतचे दहा-पंधरा दिवस. पाणी पावसाचे, निंदण झालेले, वाळवण नाही.

अडचण एकच. ते दिवस पितृपक्षाचे. बाबा म्हणाले, "पितरायच्या दिवसात कोनी हिंडाले जाते का?" मी गप्प. आईच म्हणाली, "पितर काय चिखलदऱ्याले येत नाहीत काय? चाला तुम्ही."

गेलो. बुधवारी निघून शुक्रवारी परत. पोरांच्या शाळेतून तीन दिवसांची रजा मागितली. पुण्याच्या भावाला एकट्यालाच येता आले, त्याची बायको-मुले राहिली. ही उणीव राहिलीच, ती लपवत नाही. पितृपक्षामुळे लॉज जवळपास रिकामा, भाडे मे महिन्याच्या निम्मे. धुके सकाळी आठ-नऊला उठत होते, दुपारनंतर एखादी सर येत होती. भीमकुंडात पाणी वाहत होते.

दुसऱ्या दिवशी गाविलगडावर गेलो. बाबा काठी टेकत, दोनदा बसत चढले. दक्षिणेच्या तटावरून खाली सगळे वऱ्हाड दिसत होते, हिरवे आणि सपाट. बराच वेळ त्यांनी अंदाज घेतला आणि एका बाजूला बोट दाखवले. "थ्या तिकडं आपलं गाव असन," म्हणाले. मग म्हणाले, "पाऊस बरा झाला यंदा." तेवढेच बोलले, पण तासभर उठले नाहीत, आणि परतीचे कुणी विचारलेही नाही.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. आता ते अंगणाबाहेर फारसे जात नाहीत. तो सप्टेंबर आम्ही "पुढच्या मे महिन्यात पाहू" म्हणून ढकलला असता, तर गाविलगड राहून गेला असता.

म्हणून माझे सांगणे इतकेच. यंदा ताटावर प्रश्न निघाला की आधी गावाचे नाव घेऊ नका. घरात सर्वांत कमी मोकळीक कुणाला आहे ते पाहा. कुणाचे वावर असेल, कुणाचे दुकान, कुणाची बारावी, कुणाचे गुडघे. त्या माणसाच्या महिन्यापासून सुरुवात करा. मग त्या महिन्यात हवा, पाऊस आणि जंगल कुठे बरे असते ते शोधा. गावाचे नाव सगळ्यात शेवटी. नकाशावरच्या जागा पुढच्या वर्षीही तिथेच असतात. घरातल्या माणसांचे तसे सांगता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)