कढीपत्ता तेलाला किती वाचवतो?

‘तेलाच्या बाटलीत कढीपत्त्याची चार पानं टाकून ठेवा, वर्षभर खवट होणार नाही.’ हा सल्ला कुणी ना कुणी देतच असतं. त्याचं मूळ खरं आहे, कृती मात्र चुकीची. कढीपत्त्यातले कार्बाझोल गटातले अल्कलॉइड, विड्याच्या पानातलं हायड्रॉक्सिकॅव्हिकॉल, लवंगेतलं युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन ही सगळी अँटिऑक्सिडंट आहेत. ती तेलातुपाचं खवटणं लांबवतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्याकडे लोणी कढवताना शेवटी विड्याचं पान टाकतात, त्यामागेही तुपाला खमंग वास यावा एवढाच हेतू नाही.

पण कढईतल्या पानाचं काय होतं ते बघा. टाकल्याबरोबर ते तडतडतं, म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तडतड थांबते तेव्हा पान कुरकुरीत झालेलं असतं, त्यातली विद्राव्य द्रव्यं तुपात उतरलेली असतात, आणि मग तूप गाळून पान टाकून दिलं जातं. बाटलीतल्या ओल्या पानाच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही. द्रव्यं फारशी उतरत नाहीत, पाणी मात्र आत जातं. त्या पाण्याने तेलातली मेदाम्लं सुटी व्हायला मदत होते. हा खवटपणाचा दुसरा प्रकार, आणि त्यावर अँटिऑक्सिडंटचा काही इलाज चालत नाही. शिवाय हिरव्या पानातलं क्लोरोफिल हळूहळू तेलात उतरतं. बाटली उजेडात असेल तर क्लोरोफिल प्रकाश शोषून हवेतल्या ऑक्सिजनला अधिक आक्रमक रूपात आणतं, आणि हा ऑक्सिजन लिनोलेइक आम्लावर साध्या ऑक्सिजनपेक्षा हजार पटींहून जास्त वेगाने हल्ला करतो. थोडक्यात, तेल टिकावं म्हणून पान टाकायचं आणि बाटली खिडकीत ठेवायची, म्हणजे खवटपणाला आपणच आवतण द्यायचं.

कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्यात तर याहून मोठा धोका आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोटुलिझम या विषबाधेच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 36 जणांना बोटुलिझम झाला. शोध घेतल्यावर मूळ सापडलं ते एका रेस्टॉरंटमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणाच्या बाटलीत. त्या तेलाला वास येत होता की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण त्या जंतूचं विष वासावरून ओळखू येत नाही.

वासावरची आपली भिस्त तशीही जरा जास्तच असते. ‘वास येत नाही म्हणजे तेल चांगलं’ असं आपण धरून चालतो. पण खवटण्याच्या पहिल्या टप्प्यात तयार होणाऱ्या पेरॉक्साइडना वास नसतो. ती फुटून हेक्झॅनलसारखी अल्डिहाइड तयार झाली की मग नाकाला कळतं. ऑक्सिडीकरण ही साखळी आहे: एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन अणू देऊन ही साखळी मध्येच तोडतं आणि त्यात स्वतः खर्च होतं. साठा आहे तोवर तेल जवळपास जैसे थे राहतं, तो संपला की बिघाड झपाट्याने वाढतो. म्हणून अँटिऑक्सिडंट घालायचं ते तेल ताजं असताना. खवट तेलात लवंगा टाकून ते सुधारत नाही, लवंगेच्या वासाचं खवट तेल तेवढं मिळतं.

आता घाण्याचं तेल. ‘लाकडी घाण्याचं तेल नैसर्गिक, म्हणून जास्त टिकतं’ आणि ‘घाण्याचं तेल लगेच खराब होतं’ ही दोन्ही विधानं एकाच सोसायटीत ऐकायला मिळतात. रिफाइंड करताना बियांमधल्या टोकोफेरॉलचा, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या गटातल्या अँटिऑक्सिडंटचा, काही भाग निघून जातो हे खरं. पण त्याच प्रक्रियेत सुटी मेदाम्लं, क्लोरोफिल आणि धातूंचे अंशही निघून जातात, आणि तेही तेल बिघडवणारेच. तेव्हा घाणा की रिफाइंड यापेक्षा बी कुठली, हे आधी विचारावं. लिनोलेइक आम्ल ओलेइकच्या दहा-बारा पट वेगाने ऑक्सिडाइझ होतं. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक सत्तर टक्क्यांच्या वर असतं, शेंगदाण्याच्या तेलात साधारण तीस. त्यामुळे करडईचं तेल वर्षाचं भरून ठेवणं शहाणपणाचं नाही, मग ते कितीही शुद्ध असो.

तिळाचं तेल मात्र हा हिशेब चुकवतं. त्यात लिनोलेइक चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शेंगदाण्यापेक्षा जास्त. तरी ते चांगलं टिकतं. कारण तिळात सेसॅमिन आणि सेसॅमोलिन ही द्रव्यं असतात, आणि तापवल्यावर सेसॅमोलिनपासून सेसॅमॉल हे दमदार अँटिऑक्सिडंट तयार होतं. म्हणजे तीळ भाजताना किंवा तेल तापताना संरक्षण तिथल्या तिथे तयार होतं. वनस्पतीने स्वतःच्या तेलाची केलेली ही तजवीज मला बाटलीतल्या कढीपत्त्यापेक्षा कितीतरी हुशारीची वाटते.

कारखान्यात वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट वापरतात ते पानाच्या रूपात नव्हे, अर्काच्या. रोजमेरीचा अर्क हे ठळक उदाहरण. त्यातलं कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल तेलात विरघळतात आणि उष्णतेलाही बऱ्यापैकी तग धरतात. युरोपीय संघाने 2010 मध्ये त्याला अन्नात मिसळायचं अॅडिटिव्ह म्हणून मान्यता दिली, पण प्रमाण ठरवूनच. ‘नैसर्गिक आहे, कितीही चालेल’ हा समज इथेच मोडतो. टोकोफेरॉलसुद्धा प्रमाणाबाहेर घातलं तर उलट ऑक्सिडीकरणाला हातभार लावू शकतं. आपल्याकडच्या वेष्टनांवर आयएनएस 319 दिसलं तर ते टीबीएचक्यू, कृत्रिम अँटिऑक्सिडंट. त्याची कमाल मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम. आयएनएस 392 म्हणजे रोजमेरीचा अर्क.

राहिली तळणी. ‘अँटिऑक्सिडंटवालं तेल पुन्हा पुन्हा तळायला चालतं’ असं वाटत असेल तर चकलीचा घाणा डोळ्यांसमोर आणा. 170-180 अंशांना तेल सुटणाऱ्या वाफेने घुसळलं जातंय. बीएचए, बीएचटी आणि युजेनॉल यांचा बराच भाग त्या वाफेबरोबर निघून जातो. तेलात ‘पोलर’ संयुगं वाढत जातात. ती 25 टक्क्यांच्या पुढे गेली की तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरात मोजायचं साधन नसतं, पण तेल काळवंडलं, चिकट झालं, फेस बसेनासा झाला की ते टाकायच्या लायकीचं झालेलं असतं.

फराळ तेलाआधी खवटतो तो हवेमुळे: चिवड्यावर तेलाचा पातळ थर पसरलेला असतो आणि त्याला चहूबाजूंनी हवा लागते. त्यावर उपाय घट्ट झाकणाचा डबा. आणि तेलाचा डबा रिकामा झाला की तळाच्या जुन्या तेलावर नवं ओतू नये, कारण तिथली पेरॉक्साइड नव्या तेलात साखळी सुरू करून देतात. डबा धुवायचा, पुसून पूर्ण कोरडा करायचा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात तर तेल ठेवूच नये, पितळेतल्या तांब्याचे अतिसूक्ष्म अंशही खवटणं वेगाने वाढवतात.